दहा बियांचे गिऱ्हाईक

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. कुलगुरू, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, रायगड



तुमच्या कोणत्याही नोंदवहीत मी सापडणार नाही. माझ्या नावावर सातबारा नाही, पीकविमा नाही. मोहोपाड्यात घरामागे थोडे परस आहे, वर गच्ची आहे. वर्षाकाठी मला बी लागते ते असे : मिरचीच्या दहा बिया, वांग्याच्या दहा, टोमॅटोच्या तेवढ्याच. शिराळ्याच्या चार, पडवळाच्या दोन, कारल्याच्या चार. मूठभर माठ, मूठभर पालक. दुधीचा वेल एक पुरतो, पण आळ्यात दोन बिया टोचाव्यात, एक उंदराची.

अनुदान मागायला हे पत्र लिहिलेले नाही. बी आम्हाला विकत हवे आहे, रोख पैसे देऊन. ते कुठून घ्यावे, एवढेच विचारायचे आहे.

प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर पोस्टकार्डावर भागले असते. पण खालापूर तालुक्यातले मोहोपाडा हे गाव पाहा. १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स स्थापन झाली, तिचा कारखाना इथे उभा राहिला आणि पुढे पाताळगंगेच्या काठाने कारखान्यांची रांगच लागली. नोकरीसाठी खानदेशातून, सांगली-साताऱ्याकडून, मराठवाड्यातून माणसे आली. कोणी येताना भरताच्या वांग्याचे बी आणले, कोणी घेवड्याचे. क्वार्टरच्या मागे दोन वाफे काढायचे आणि गावाकडचे बी लावायचे, ही इथली जुनी रीत. खोपोलीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी नदीला उन्हाळ्यातही वाहते ठेवते, त्यामुळे हा पट्टा मे महिन्यातही अगदी कोरडा पडत नाही. आता क्वार्टर रिकामी होत चालली आहेत आणि वासांबे, रीस, चांभार्लीच्या भातखाचरांत इमारती उभ्या राहत आहेत. तिथे राहायला आलेली माणसेही गॅलरीत ग्रो बॅग ठेवतातच. वाफा गेला, कुंडी आली. बियाची गरज तीच राहिली, फक्त गावाहून पुडी आणून देणारी आजी आता उरलेली नाही.

आणि शासनाचेही सांगणे हेच आहे की भाजी लावा. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राज्यभर चालवली, शाळांमध्येही परसबागा काढायला लावल्या गेल्या. मोहीम चांगली आहे, तिच्यावर माझा काडीचाही आक्षेप नाही. पण परसबाग कशी आखावी याची आकृती मिळते, वाफे किती फुटांचे ते कळते, आणि बी कुठून आणायचे या ओळीला आली की सगळी माहितीपत्रके ‘जवळच्या कृषी सेवा केंद्रातून’ एवढे म्हणून पुढे सरकतात.

तर जवळच्या कृषी सेवा केंद्रात काय होते ते सांगतो. दुकान कोणते हे महत्त्वाचे नाही, कुठल्याही तालुक्यात असेच आहे. टोमॅटोच्या संकरित बियाणाचे पाकीट दहा ग्रॅमचे असते. एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या साधारण तीनशे बिया भरतात, म्हणजे पाकिटात तीन हजार. त्यात माझ्या सोसायटीच्या सगळ्या गच्च्या लावून वर गावाला पुरेल इतके उरेल. दुकानदारही माणूस आहे. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून तो फोडलेल्या पाकिटातून चिमूटभर बी कागदात बांधून देतो. कागदावर वाणाचे नाव नाही, लॉट नंबर नाही, तारीख नाही. बी उगवले तर आपले नशीब, नाही उगवले तर आपली माती वाईट. दुकानदाराला मी दोष देत नाही. दहा बियांच्या गिऱ्हाइकासाठी कायदेशीर पुडीच कोणी बांधलेली नाही, तो काय करणार?

कायदा मात्र आहे, आणि वाईट नाही. १९६६ चा बियाणे अधिनियम आहे, १९६८ चे नियम आहेत, १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आहे. विक्रेत्याकडे परवाना हवा, साठा आणि दर लावलेला फलक हवा, गिऱ्हाइकाला पावती द्यायला हवी. पाकिटावर वाण, लॉट, तपासणीची तारीख, उगवणशक्ती, शुद्धता लिहिलेली हवी. बुरशीनाशक चोळले असेल तर तसा इशारा हवा. प्रमाणित बियाण्यासाठी उगवणशक्तीची किमान मर्यादा ठरलेली आहे : टोमॅटो आणि वांगे ७० टक्के, मिरची ६०, भेंडी ६५, वेलभाज्या ६०. हे आकडे शेतकऱ्यालाही क्वचित कोणी सांगते, कुंडीवाल्याला तर कधीच नाही. मिरचीच्या दहा बिया टोचल्या आणि सहा उगवल्या तर ते बी कायद्याने पास आहे, हे कळले तरी निम्मी कुरकुर थांबेल. चारच उगवल्या तर तक्रार करावी, हेही कळेल.

तक्रार कुठे करावी ते मात्र विचारू नका. तालुक्याची समिती शेतात येऊन पंचनामा करते. कुंडीचा पंचनामा कोणी केल्याचे ऐकिवात नाही, आणि करावा अशी माझी अपेक्षाही नाही. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केले. ग्राहक आयोगाची वाट त्याला मोकळी असेल तर वीस रुपयांच्या पुडीच्या गिऱ्हाइकालाही ती बंद नसावी. पण वीस रुपयांसाठी अलिबागच्या खेपा कोण घालणार? म्हणून अशा पुड्यांचा धंदा निर्धास्त चालतो.

पुडीवरच्या तारखेवर मी एवढा का अडतो, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागू नये. बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने वाढला की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, हा बीजशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. आता आपला जुलै आठवा. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. काडेपेटी पेटत नाही, मीठ पाणी सोडते, पापड मऊ पडतात. अशा हवेत रंगीत चित्रांच्या पुड्या दोरीला अडकवून दुकानाच्या दारात टांगलेल्या असतात. कांद्याचे बी मुळातच अल्पायुषी, वर्षभरात त्याची ताकद ओसरते. आपल्या दमट हवेत ते त्याही आधी मरते. पुडीवर मात्र तोच टवटवीत कांदा हसत असतो. मिरची आणि टोमॅटोचे बी जरा चिवट, तेही फ्रीजमध्ये डबाबंद ठेवले तर. माझ्या मते या भागात मार्च ते मे या काळात बांधलेली पुडी आणि गेल्या पावसाळ्यात दारात टांगलेली पुडी यांत फरक करता आला पाहिजे, आणि तो करायला तारखेखेरीज दुसरे साधन नाही.

दुधीचे आणखी वेगळे. तो फक्त उगवण्याचा प्रश्न नाही. दुधीला रानटी, कडू जातीचा पराग लागला की त्या फळातल्या बियांपासून कडू दुधी निपजू शकतो. बाहेरून फळ तसेच, चव विषाची. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती, आणि कडू लागला तर तो रस पिऊ नका असा सल्ला तिने दिला. घरचा दुधी निर्धोक, या विश्वासाने सकाळी रस काढून पिणारे लोक आमच्या इमारतीतही आहेत. त्या दुधीचे बी कोणी, कुठे, कोणत्या वेलाशेजारी धरले, हे पुडीवर नसेल तर घरचा काय आणि बाजारचा काय. त्यांना मी आधी फोड चाखायला सांगतो. तेवढेच माझ्या हातात आहे.

बुरशीनाशक लावलेल्या रंगीत बियांचेही तसेच. पाकिटात असेपर्यंत त्यावर इशारा असतो. कागदाच्या पुडीत बांधली की इशारा दुकानातच राहतो आणि बी स्वयंपाकघराच्या फडताळात येते, जिथे धणे आणि मेथीही असतात. पोरे पुड्या उघडतात.

धणे-मेथीचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट शेजाऱ्यांसाठी लिहितो, तुमच्यासाठी नाही. सगळेच बी विकत घ्यायला लागत नाही. किराण्यातले धणे रगडून दोन फाकी करून पेरले तर कोथिंबीर उत्तम येते. मेथी, मोहरी, चवळी, वाल हेही किराण्याचे चालते, फक्त जुना माल नको. पैसे खर्चायचे ते मिरची, वांगे, टोमॅटो आणि वेलभाज्यांवर. आणि संकरित वाणाच्या फळातले बी धरून पुढच्या वर्षी लावू नये. मुले आई-बापासारखी निघत नाहीत, कोणी लहान, कोणी उशिरा. बी धरायचे असेल तर सरळ वाण घ्यावा.

कुठल्या तरी परदेशी फळांची चित्रे दाखवून घरपोच येणारी पाकिटे घेऊच नयेत. २०२० साली न मागवलेली परदेशी बियाण्याची पाकिटे जगभर लोकांच्या दारात पडू लागली होती, तेव्हा केंद्रीय कृषी मंत्रालयाने राज्यांना सावध केले होते. बी बाहेरून आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, तो विनाकारण नाही. एका कुंडीतून रोग आला तरी तो पलीकडच्या भातखाचरापर्यंत जाऊ शकतो.

आता रोपांकडे येतो. आमच्यासारख्यांना खरे तर बी नको, रोपे हवीत. मिरचीची सहा, वांग्याची चार. महामार्गालगत आणि कर्जतच्या रस्त्यावर नर्सऱ्यांना तोटा नाही. फार्महाऊसवाल्यांसाठी तिथे ताड आहेत, बोगनवेल आहे, लॉनच्या गाद्या आहेत. भाजीची रोपे मिळालीच तर घाटावरून आलेला ट्रे असतो, कोकोपीटमध्ये वाढवलेला, शेडनेटच्या सावलीत पोसलेला. घाटावरच्या शेतकऱ्यासाठी ती रोपे चांगलीच असतात. तो ती मोजून, वाणाचे नाव विचारून, पावती घेऊन नेतो. इथे पोचेपर्यंत मात्र ट्रेवरचे नाव गळून पडते. ‘तिखट मिरची’ आणि ‘लांब वांगे’ एवढीच ओळख उरते. टोमॅटोच्या रोपावर पांढरी माशी बसून आली असेल तर पाने आकसवणारा बोकड्या रोग कुंडीबरोबर फुकट.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे. आंब्याचे कलम विकणाऱ्याला परवाना लागतो, भाजीची रोपे विकणाऱ्याला त्या कायद्यात जागा नाही. म्हणून आंब्यासारखाच आणखी एक परवाना आणा असे मी म्हणणार नाही. परवान्यांनी छोटी माणसे मरतात, मोठी तगतात. पण २०२० मध्ये राज्याने पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना काढली, ती भाजीपाल्याच्या रोपांसाठीच. शेडनेट, पॉली टनेल, ट्रे यांसाठी त्यात मदत आहे, आणि महिला कृषी पदवीधर व महिला गटांना त्यात प्राधान्य आहे. ही योजना खालापुरात महिला गटांपर्यंत न्या. अट एकच घाला, ट्रेमध्ये वाणाचे नाव आणि पेरल्याची तारीख लिहिलेली पट्टी खोचलेली असावी, आणि रोपे सुटी विकावीत. सहा हवी त्याला सहा. मोहोपाड्याच्या बाजारात जून महिन्यात अशा रोपांना गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. उलट रांग लागेल.

कुलगुरू महोदय, तुमच्याकडे तर माझे सर्वांत मोठे मागणे आहे, कारण तुमच्याकडे माल आहे. कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आमच्या तालुक्याला खेटून आहे. भाताचे कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७, संकरित ‘सह्याद्री’ हे वाण तिथून निघाले आणि रायगडातल्या खाचराखाचरांत पोचले. शेतकरी ‘कर्जतचे बी’ असे आपुलकीने म्हणतात. पण विद्यापीठाने भाज्यांचेही वाण काढले आहेत हे आमच्या गच्चीवाल्यांना ठाऊकच नाही. कारल्याचा ‘कोकण तारा’, शिराळ्याचा ‘कोकण हरिता’, पडवळाचा ‘कोकण श्वेता’, चवळीचा ‘कोकण सदाबहार’, वालाचा ‘कोकण भूषण’, रताळ्याचा ‘कोकण अश्विनी’, अळूचा ‘कोकण हरितपर्णी’. हे सगळे वाण कोकणच्या पावसाला, या मातीला, या दमट हवेला तोंड देतील असे निवडलेले. आणि बहुतेक सरळ वाण, म्हणजे एकदा घेतले की घरी बी धरता येते. खाजगी कंपनीला यात फायदा नाही, म्हणून ती हे बांधणार नाही. हे काम विद्यापीठाचेच.

ते असे करता येईल. वीस-तीस बियांची छोटी पाकिटे बांधावीत, ओलावा न शिरणारी. वर वाण, तपासणीची तारीख, उगवणशक्ती, आणि कधी लावायचे ते एका ओळीत, मराठीत. पाकीट कर्जतच्या केंद्रात तर मिळावेच, पण रोह्याजवळच्या किल्ल्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही मिळावे, आणि वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि भातकापणीनंतर, मोहोपाड्याच्या बाजारात टेबल टाकून विकावे. दिवस आधी जाहीर करावा. वीस रुपये ठेवा, तीस ठेवा, लोक घेतील. कारल्याचे पाकीट घेतलेले लोकच पुढच्या वर्षी शिराळ्याचे विचारायला येतील.

शेवटची गोष्ट जरा नाजूक आहे. आमच्याकडे बाजारात ठाकूर आणि कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात. ज्येष्ठ-आषाढात वांग्या-मिरचीच्या रोपांच्या जुड्या, पळसाच्या पानात गुंडाळलेल्या. पुढे काकडी, शिराळी, घोसाळी, दिवाळीनंतर वाल. त्यांचे बी राखेत घोळून, मडक्यात किंवा वाळक्या भोपळ्यात, चुलीच्या वरच्या बाजूला ठेवलेले असते. धूर आणि ऊब यांमुळे त्याला पावसाळा लागत नाही. दारात टांगलेल्या रंगीत पुडीपेक्षा ते बी जास्त जपलेले असते, हे मी बेधडक सांगतो. त्यांचा वाल आणि तुमचा ‘कोकण भूषण’ दोन्ही लावून पाहावेत. मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीला कोणता चांगला, यावर भांडण होईल. व्हावे.

१९६६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये या बायांसाठी एक दार उघडे ठेवलेले आहे. स्वतः पिकवलेले बी स्वतःच्या घरी, थेट पेरणाऱ्याला विकले तर त्याला हा कायदा लागू होत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याला बी राखण्याचा, वाटण्याचा, विकण्याचा हक्क दिला आहे, ब्रँडचे नाव लावून नव्हे एवढीच अट. पण बाई घरी बसून विकत नाही, ती बाजारात येते. बाजारात बसल्यावर ती त्या सवलतीत राहते की परवान्याविना विकणारी ठरते? याचे उत्तर मी वकिलाकडून नाही, तुमच्याकडून लेखी मागतो. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात बियाणे बँक उभी केली, बायफ संस्था पाठीशी उभी राहिली, २०२० चा पद्मश्री मिळाला, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बीजमाता म्हणून हार घातले. मग खालापुरातल्या एखाद्या वाडीवरची तशीच बाई बाजारात वालाची पुडी घेऊन बसली, तर तिला कोणी हटकणार नाही एवढे तरी निश्चित करा. वर्षातून एक दिवस ग्रामपंचायतीच्या मैदानावर बियाण्यांचा बाजार भरवा, तिथे या बायांना फुकट जागा द्या आणि तुमचा एक माणूस बसवा, जो वाणाचे नाव, वाडीचे नाव आणि बी कधी धरले ते चिठ्ठीवर लिहून देईल. बहुतेकींना लिहिता येत नाही, पण विचारले तर सगळे तोंडपाठ सांगतात.

गुणनियंत्रण निरीक्षकांनाही माझी एक विनंती आहे. खताच्या आणि कापसाच्या हंगामात तुमच्यावर केवढा ताण असतो हे माहीत आहे. तरी वर्षातून एकदा कुंड्या विकणाऱ्या दुकानांत आणि बागकामाच्या प्रदर्शनांत जा, तिथली चार पाकिटे घ्या आणि पुण्याच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत पाठवा. निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कारवाई नंतर करा, आधी निकाल लावा. दुकानदार फलक वाचतात.

वेळेचे एवढे लक्षात असू द्या. मिरची-वांग्याची रोपे तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो, म्हणजे बी आमच्या हातात एप्रिल संपता संपता पडायला हवे. वेलभाज्यांची आळी आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला खणतात. पाकिटे बांधायची असतील तर मार्चपर्यंत बी काढून, वाळवून, तपासून तयार असावे लागेल. जूनमध्ये उद्घाटन करून चालणार नाही, तोवर आम्ही दारात टांगलेल्या पुड्या घेऊन मोकळे झालेले असू.

आपला,
मोहोपाड्यातला एक परसबागवाला